थांबल्यावरच घर का फिरतं?

प्रश्न : माझी मुलगी स्वतःभोवती गरागरा फिरते, फिरताना मजेत असते आणि थांबली की धपकन पडते. चक्कर थांबल्यावरच का येते? आणि गाडीत मोबाईल बघितला की मला मळमळतं, ड्रायव्हरला मात्र काहीच होत नाही, असं का?

उत्तर : दोन्हीकडे भानगड कानाची आहे. आतल्या कानात तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव. डोकं वळलं की नळी लगेच वळते पण द्रव मागे रेंगाळतो, त्याच्या रेट्याने जेलीसारखा एक पडदा वाकतो आणि मेंदूला कळतं, वळलो. पण एकाच वेगाने फिरत राहिलं तर थोड्या वेळात द्रवही नळीच्या बरोबरीने फिरायला लागतो, पडदा सरळ होतो आणि कानाच्या मते आपण गप्प उभे असतो! मग मुलगी थांबते, द्रव काही थांबत नाही, पडदा उलटा वाकतो, मेंदू म्हणतो आपण आता उलटं फिरतोय, तो तोल सावरायला जातो आणि तिथेच पाय लटपटतात.

मेंदूचा ह्या द्रवावर किती विश्वास बघा. व्हिएन्नाचे कानाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी पेशंटचे कान धुवायचे, पाणी गार किंवा गरम असलं की पेशंट जागेवर बसूनही गरगरायचा, कारण तापमानाच्या फरकाने नळीतला द्रव हलायचा. ह्या कामाला 1914 चं नोबेल मिळालं, बातमी आली तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते.

आता एक करून बघा. हे पान हातात धरून भराभर डावीकडे-उजवीकडे हलवा, अक्षरं पुसट होतात. मग पान स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने मान हलवा, बऱ्यापैकी वाचता येतं ना? कानाचा निरोप सेकंदाच्या साधारण शंभराव्या भागात डोळ्यांना पोचतो आणि डोळे तेवढेच उलटे फिरतात, आपल्याला पत्ताही नसतो.

गाडीत ही जोडी फुटते. कान सांगतो वळण आलं, ब्रेक लागला (सरळ रेषेतले धक्के कळायला नळ्यांच्या शेजारी बारीक खड्यांच्या दोन पिशव्या आहेत), आणि डोळे मोबाईलवर, ते म्हणतात सगळं स्थिर. ड्रायव्हरला वळण आधीच दिसलेलं असतं, स्टिअरिंगही त्याच्याच हातात, त्यामुळे भांडण होतच नाही. तुम्ही पुढच्या सीटवर बसून लांबचा रस्ता बघत जा, फोन बॅगेत.