गोड बंद केलं, तरी शुगर का वाढते?

प्रश्न: नमस्कार ताई. टाइप 2 डायबेटिस निघाल्यापासून साखर, मिठाई, बिस्किटं सगळं बंद केलंय, चहासुद्धा बिनसाखरेचा. तरी जेवणानंतर दोन तासांनी शुगर 220 च्या आसपास येते. घरचे म्हणतात, लपून काहीतरी खात असशील. असं का होतं?

लपून खाण्याची गरजच नाही हो, सगळ्यांसमोर ताटात वाढलेला भात 220 ला पुरतो. भात, गहू, मका, बटाटा यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांबच लांब साखळ्या. आतड्यात त्या तुटतात आणि ग्लुकोज म्हणूनच रक्तात येतात. उलट आपली नेहमीची साखर अर्धी ग्लुकोज, अर्धी फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोजचा निकाल बराचसा लिव्हरमध्येच लागतो. त्यामुळे 1981 मध्ये डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी जो ग्लायसेमिक इंडेक्स (कुठला पदार्थ शुगर किती चढवतो याचा आकडा) मांडला त्यात ग्लुकोजला 100 धरलं तर साखर 65 च्या आसपास येते आणि पांढरा भात, बटाटा बऱ्याचदा तिच्याही वर. म्हणून साखर परत सुरू करा असं नाही म्हणत मी! पण फक्त गोडावर पहारा ठेवून भागत नाही एवढं नक्की.

आता हा हिशोब बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असतं, शुगर 100 असेल (म्हणजे 100 मिली रक्तात 100 मिलिग्रॅम) तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज फक्त 5 ग्रॅम, म्हणजे चमचाभर. आणि शिजवलेल्या 150 ग्रॅम भातात कार्ब (म्हणजे स्टार्च, साखर वगैरे) 40 ग्रॅमच्या वर. डायबेटिस नसेल तर जेवण सुरू होताच इन्सुलिन सुटतं आणि हे ग्लुकोज स्नायूंत, लिव्हरमध्ये जायला लागतं, टाइप 2 मध्ये ते उशिरा सुटतं आणि पुरतही नाही, मग तेवढा वेळ ग्लुकोज रक्तातच फिरत राहतं.

तेव्हा एक करा, किचनमधला वजनकाटा काढा, नेहमीसारखं ताट वाढा आणि भात तेवढा वेगळा काढून मोजा. "मी थोडासाच घेते" म्हणणाऱ्यांचा भात काट्यावर 250 ग्रॅम भरू शकतो, म्हणजे एका बैठकीत 70 ग्रॅम कार्ब. तो अर्धा करा आणि त्या जागी भाजी, अंडं, पनीर, डाळ जे चालत असेल ते घ्या (डाळीतही कार्ब असतं, पण सोबत फायबर आणि प्रोटीन असल्याने शुगर हळू चढते). आधी भाजी आणि प्रोटीन, भात शेवटी, नुसता एवढा क्रम बदलला तरी बऱ्याच जणांचा चढ कमी होतो. मग जेवायच्या आधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा, बहुतेकांसाठी 180 च्या आत हे टार्गेट असतं. आणि हो, बोट टोचायच्या आधी हात धुवा, फळ सोलताना बोटाला लागलेल्या रसानेसुद्धा रीडिंग उगाच वर जातं आणि मग दिवसभर डोक्याला ताप.

प्रश्न: साखरेऐवजी मध चालेल ना? तो तर नैसर्गिक असतो.

नाही. मध म्हणजे मुख्यतः ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि थोडं पाणी. नैसर्गिक आहे म्हणून मीटर काही सवलत देत नाही.

प्रश्न: झोपताना 130 असते, रात्रभर पोटात काही नाही, तरी सकाळी फास्टिंग 155! ही शुगर येते कुठून?

तुमच्याच लिव्हरमधून. मेंदूला रात्रीही ग्लुकोज लागतं म्हणून लिव्हर साठवलेलं सोडत राहतं, शिवाय नवीनही बनवतं. पहाटे कॉर्टिसोल, ग्रोथ हॉर्मोन वाढतात तेव्हा हे जरा जोरात चालतं. एरवी इन्सुलिन लिव्हरला आवर घालतं, ते कमी पडलं की सकाळचा आकडा वर. म्हणून रात्रीचं जेवण आणखी कापायची घाई नको. मेटफॉर्मिन या गोळीचं मुख्य काम इथेच, लिव्हरवर आहे, त्यामुळे डोस आणि वेळ डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन चालू असेल तर पहाटे तीनला एकदोनदा मोजून शुगर फार खाली तर जात नाही ना हेही बघा.

प्रश्न: माझ्या रिपोर्टमध्ये इन्सुलिन जास्त आलंय. मग शुगर कमी असायला हवी ना?

बरोबर शंका आहे. स्नायू आणि लिव्हर इन्सुलिनला नीट दाद देत नाहीत म्हणून स्वादुपिंड जास्त जास्त बनवत राहतं, रिपोर्टमध्ये आकडा मोठा दिसतो पण गरज त्याहून मोठी असते, आणि काही वर्षांनी स्वादुपिंडही मागे पडायला लागतं. यात लिव्हरमध्ये साठलेल्या चरबीचा मोठा हात आहे. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ (DiRECT) नावाच्या चाचणीत (निकाल 2017 मध्ये आले) डायबेटिस होऊन 6 वर्षांच्या आत असलेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना काही महिने देखरेखीखाली दिवसाला साधारण 850 कॅलरीचा आहार दिला, तर वर्षभराने 46 टक्के लोकांची एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) औषधाशिवाय 6.5 च्या खाली होती. 15 किलो किंवा जास्त उतरलेल्यांत तर 86 टक्के. स्वतःच्या मनाने 850 वर जाऊ नका प्लीज, पण वजन जास्त असेल तर ते उतरवणं हा साइड विषय नाहीये. आणि जेवणानंतर चाला, स्नायू हलत असताना इन्सुलिनचा फारसा आधार नसतानाही ग्लुकोज ओढून घेतात.

प्रश्न: मग कार्ब पूर्णच बंद केले तर? उद्यापासून सुरू करायचा विचार आहे.

उद्यापासून नको. तुम्ही कुठली औषधं घेता ते लिहिलंच नाहीये आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. नुसती मेटफॉर्मिन असेल तर शुगर लो व्हायची भीती कमी. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर तो डोस आजच्या ताटाच्या हिशोबाने ठरलाय, ताट बदललं आणि डोस तोच राहिला तर शुगर 70 च्या खाली घसरू शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांवर असताना कार्ब एकदम तोडले तर कीटोअॅसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं धोकादायक प्रमाणात साठणं) होऊ शकतो आणि तोही शुगर फार वाढलेली नसताना, म्हणून लक्षात यायला उशीर होतो, उलट्या, पोटात दुखणं, धाप असं काही वाटलं तर थेट हॉस्पिटल गाठा. टाइप 1 असेल तर जेवण कितीही कमी केलं तरी इन्सुलिन बंद करायचं नाही.

डॉक्टरांना आधी सांगा, डोस ठरवून घ्या आणि कार्ब टप्प्याटप्प्याने कमी करा. खिशात ग्लुकोज पावडर किंवा गोळ्या ठेवा. हात थरथरले, घाम फुटला तर मोजा, 70 च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज घ्या, 15 मिनिटांनी परत मोजा, अजून कमीच असेल तर तेवढंच परत. चॉकलेटवर विसंबू नका, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात यायला उशीर होतो.