आमचा भाग सुरक्षित आहे का? – वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला फ्लॅट घ्यायचा विचार आहे. एजंट म्हणतो, एरिया एकदम सेफ. नातेवाईक म्हणतात, तिकडे कोयते निघतात. त्या भागाचा गुन्हेगारी दर अधिकृतपणे कुठे मिळेल?

उत्तर : वस्तीनिहाय अधिकृत दर प्रसिद्ध होत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग (एनसीआरबी) दर लाख लोकसंख्येमागे नोंदलेले गुन्हे मोजतो, पण ते अख्ख्या शहराचे. त्यातही महानगरांसाठी गेल्या काही अहवालांत २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या धरली आहे, पुण्याची ५०.५ लाख. शहर तेव्हापासून किती वाढले ते दिसतेच आहे. भागायची संख्या जुनी राहिली की दर आपोआप चढतो. उलट एकाच एफआयआरमध्ये खून आणि घरफोडी असेल तर मोजणीत फक्त खून धरतात, घरफोडी गळते. जुन्या वर्षांशी तुलना करतानाही जपा. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचे आयुक्तालय वेगळे झाले, २०२१ मध्ये लोणी काळभोर आणि लोणीकंद ही ठाणी ग्रामीणकडून शहराकडे आली. हद्द सरकली की आकडा सरकतो, चोर तेच.

तुमच्या कामाचा मजकूर पोलीस ठाण्याच्या पातळीवर आहे. इमारत कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते ते आधी पक्के करा. रस्त्याच्या दोन बाजूंना दोन ठाणी असू शकतात. मग महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआर शोधा : शहर, पोलीस ठाणे, तारखा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशामुळे एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. लैंगिक अत्याचारांसारखे संवेदनशील गुन्हे त्यात नसतात, हे ध्यानात ठेवा. सहा महिन्यांचे एफआयआर उघडा आणि नुसते मोजू नका, वाचा. वहीत तीन रकाने करा : काय झाले, किती वाजता, नेमके कुठे.

हे केल्यावर एकूण आकड्यातला फोलपणा कळतो. ज्या ठाण्याच्या हद्दीत एसटी स्थानक किंवा मोठा बाजार असतो, तिथे पाकीटमारी आणि मोबाइलचोरीने यादी फुगते. ते गुन्हे प्रवाशांच्या बाबतीत घडलेले, रहिवाशांच्या नव्हे. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार बहुधा घराजवळच्या ठाण्यात होते, म्हणून शांत, पेन्शनरांच्या भागातही यादी लांब दिसते. तुम्हाला पाहायचे आहे ते घरफोडी, जबरी चोरी, मारामारी आणि वाहनांची तोडफोड. एकाच चौकात, एकाच वेळेला पुन्हा पुन्हा नोंद दिसली तर घर घेण्याआधी त्या वेळी तिथून चालत जा. दिवे चालू आहेत का, दुकाने कधी मिटतात, रिकाम्या प्लॉटवर कोण बसते, हे पाहा.

पोर्टलवर भागले नाही तर माहिती अधिकार आहेच : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. 'गुन्हेगारी किती?' असे मोघम विचारू नका. 'अमुक ठाणे, मागील दोन वर्षे, महिनानिहाय, घरफोडी दिवसा व रात्री, दाखल व उघडकीस' असे विचारा.

प्रश्न : सोसायटीत आठ कॅमेरे आहेत, तरी पार्किंगमधून दुचाकी गेली आणि फुटेजमध्ये चोर ओळखू आला नाही. दोष कुठे?

उत्तर : बहुतेक सोसायट्यांत कॅमेरा 'सगळे दिसावे' म्हणून उंच, रुंद लेन्सचा लावतात. अनोळखी चेहरा ओळखू यायला एका मीटरला साधारण २५० पिक्सेल लागतात. १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात याचा अर्थ फार तर साडेसात मीटर रुंदीचा पट्टा. तुमचा कॅमेरा वीस मीटरचे पार्किंग दाखवत असेल तर माणूस आला एवढेच कळेल. फाटकाशी एक कॅमेरा अडीच-तीन मीटर उंचीवर, फक्त ये-जा करणाऱ्यांच्या तोंडावर रोखलेला हवा. नंबर प्लेटसाठी वेगळा. रात्री हेडलाइटच्या झोतात प्लेट पांढरी फटक पडते, म्हणून त्याची शटर गती १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवतात आणि दिव्याची सोय वेगळी करतात.

साठवणीचा हिशोबही करा. सेकंदाला २ मेगाबिट (२ एमबीपीएस) चित्रण पाठवणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी खातो, आठ कॅमेरे १७० जीबी. १ टीबीची डिस्क सहाव्या दिवशी जुने पुसायला लागते. चोरी सुट्टीनंतर लक्षात आली की फुटेज गेलेले असते. महिनाभर हवे तर ६ टीबी घ्या. डीव्हीआरमधला (चित्रण साठवणाऱ्या पेटीतला) नाणे-सेल संपला तर वीज गेल्यावर घड्याळ बिघडते. दर महिन्याला ते मोबाइलशी जुळवा. फुटेज देताना मोबाइलने पडद्याचे शूटिंग करू नका. मूळ फाइल घ्या, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र, हॅश मूल्यासह (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा).

प्रश्न : बसमध्ये चार हजारांचा मोबाइल खिशातून गेला. ठाण्यात एफआयआर न घेता एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून दिली. हे बरोबर आहे का?

उत्तर : दुर्दैवाने असू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजारांखालच्या वस्तूची साधी चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. पण हातातून हिसकावून नेला असेल तर ते कलम ३०४, म्हणजे हिसकावणी. तिथे किमतीचा प्रश्न येत नाही. म्हणून जबाबात 'मोबाइल गेला' लिहू नका, कसा गेला ते लिहा. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवला नाही तर हकीकत लेखी स्वरूपात पोस्टाने वरिष्ठांना पाठवा. पुण्यात ते पोलीस उपायुक्त. त्यानंतर दंडाधिकारी. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत सही करायला जावे लागते.

एनसी असली तरी मोबाइल बंद करता येतो. त्याच नंबरचे दुसरे सिम घ्या. त्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, म्हणून ओटीपीसाठी एक दिवस थांबा. मग सीईआयआर या हरवलेल्या-चोरलेल्या मोबाइलसाठीच्या सरकारी पोर्टलवर बिल आणि पोलिसांकडची नोंद जोडून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) ब्लॉक करा. हा क्रमांक बिलावर किंवा डब्यावर असतो. नव्या फोनचा *#०६# दाबून आजच लिहून ठेवा.

प्रश्न : भाडेकरूसाठी पोलिसांची 'एनओसी' घ्यावीच लागते का?

उत्तर : एनओसी नाही, माहिती द्यावी लागते. आयुक्तांचा तसा आदेश लागू असताना घरमालकाने पोर्टलवर भाडेकरूचा तपशील भरायचा असतो. करारनामा नोंदवणे हे वेगळे काम, आणि तेही मालकाचेच.

प्रश्न : मे महिन्यात दहा दिवस गावी जाणार आहोत. दाराला काय करावे?

उत्तर : पोलिसांच्या नोंदीतले 'कडी-कोयंडा उचकटून' हे शब्द आठवा. कोयंडा अर्ध्या इंची स्क्रूवर बसवलेला असतो, पहार लावली की लाकडासकट निघतो. तो आरपार बोल्ट टाकून, आतून नट आवळून बसवा. त्याहून बरे म्हणजे बाहेरचे कुलूपच नको. लोंबकळणारे कुलूप 'घरी कोणी नाही' असे सांगते. दारात बसवलेले लॉक लावा, दूध-पेपर बंद करा आणि शेजाऱ्यांना दोन दिवसांआड दारातली पत्रके उचलायला सांगा.