सहावा आठवडा आणि उलट्या नाहीत, घाबरायचं का?

अगं आधी अभिनंदन! सहावा आठवडा चालू आहे, उलटी एकदाही नाही, नुसती झोप येते, छाती दुखायची तीही दोन दिवस कमी वाटतेय, ओटीपोटात ओढल्यासारखं होतं आणि जाऊबाई म्हणतायत 'मला तर पहिल्या दिवसापासून पाणी पचत नव्हतं'. हेच ना तुझं टेन्शन? जाऊबाईंचं सोडून दे. डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे पहिले दोन आठवडे तर दिवस गेलेलेच नसतात, तेव्हा कसली मळमळ! ती साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास जोर असतो आणि १४-१६ पर्यंत बहुतेकींची ओसरते. तुझी अजून सुरू व्हायची असेल किंवा होणारही नाही, काहींना होतच नाही. माझं मोठ्याच्या वेळी फोडणीत हिंग पडला की मी गॅलरीत, कुकरच्या वाफेचा वास आला तरी कोरड्या उलट्या, आणि धाकटीच्या वेळी मजेत वडापाव खात होते. दोघंही ठणठणीत. (सासूबाईंनी त्यावरून मुलगा की मुलगी तेही काढून ठेवलं होतं, तसलं काही मनावर घेऊ नकोस.)

छातीचं म्हणशील तर तेही रोज सारखं नसतं, एक दिवस कुशीवर वळवत नाही आणि दुसऱ्या दिवशी काहीच नाही. लक्षणं मोजत बसून बाळ कसं आहे ते कळत नाही गं, ते सोनोग्राफीतच कळतं. सातव्या आठवड्याच्या आसपास ठोके दिसतात, पाळी उशिरा येणारी असेल तर तारखा मागेपुढे होतात आणि डॉक्टर आठवडा-दोन आठवड्यांनी परत बोलावतात, तेव्हा लगेच रडत बसू नकोस.

झोप, गॅस, पोट साफ न होणं ही सगळी प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची कृपा, आतडी सुस्तावतात. आत्ता जीन्सचं बटण लागत नसेल तर ते बाळाचं पोट नाही, गॅस आहे. लघवीला सारखं जावं लागतं तेही ठीक, फक्त जळजळ असेल तर इन्फेक्शन असू शकतं, तपासून घे.

ओटीपोटात पाळी येणार असल्यासारखं हलकं ओढलं जातं, ते बऱ्याच जणींना होतं. पण एकाच बाजूला जोरात दुखलं, खांद्याच्या टोकाशी दुखायला लागलं, चक्कर किंवा घेरी आली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठ, गर्भ पिशवीत न रुजता बाजूच्या नळीत राहिला असेल तर असं होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. रक्ताचा डाग दिसला तर? पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींत एकीला दिसतो आणि पुढे पुष्कळ जणींचं सगळं नीट होतं, तरी दर वेळी डॉक्टरांना फोन करायचाच. आणि उद्या उलट्या सुरू झाल्याच आणि घोटभर पाणीही टिकेना, लघवी गडद किंवा अगदी कमी व्हायला लागली तर 'सगळ्यांनाच होतं' म्हणून घरी थांबायचं नाही, सलाईन लागतं.

फॉलिक ॲसिड चालू असेलच, साधारण ४०० मायक्रोग्रॅम रोज, निदान १२ आठवड्यांपर्यंत, काहींना जास्त देतात. लोहाची गोळी बहुतेक चौथ्या महिन्यापासून देतात, त्यामुळे 'मला का नाही दिली' म्हणून घाबरू नकोस. कच्ची पपई टाळ, पिकलेल्या दोन फोडी खाल्ल्या असतील तर काही होत नाही. अंगदुखीची गोळी मात्र घरातल्या डब्यातली घेऊ नकोस, विचारून घे. आणि थायरॉइड किंवा बीपीची गोळी आधीपासून चालू असेल तर मनानं बंद करू नकोस, पण उद्याच फोन करून सांग, दिवस गेल्यावर गोळी किंवा डोस बदलावा लागतो कधीकधी.