मार्चअखेरीस लंडनच्या बैठकांच्या वेळा एक तासाने चुकतात. ईमेल सर्व्हरचे घड्याळ पुढे करावे का?

प्रश्नकर्त्यांनी असे विचारले आहे की, मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून लंडनच्या ग्राहकांबरोबरच्या बैठका कार्यालयातील कॅलेंडरमध्ये एक तास उशिराच्या दिसतात, तेव्हा सर्व्हरचे घड्याळ एक तास पुढे केल्यास हा गोंधळ थांबेल का. थांबणार नाही. सर्व्हरच्या घड्याळाला कृपया हात लावू नका, आणि तसा सल्ला देणाऱ्या माणसाच्या हाती सर्व्हरचा पासवर्डही ठेवू नका.

मी रत्नागिरीतील एका आंबा निर्यातदाराकडे संगणक आणि मेल सर्व्हरची व्यवस्था पाहत असे. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास पुढे जातात, आणि नेमका तोच आमच्याकडे हापूसच्या हंगामाने जोर धरण्याचा काळ असतो. लंडनच्या व्यापाऱ्याशी रोज त्याच्याकडच्या सकाळी दहा वाजता बोलणे होई. हिवाळ्यात ते आपल्याकडचे दुपारचे साडेतीन, आणि त्या रविवारनंतर अडीच. आमच्या कॅलेंडरमधील नोंद मात्र साडेतीनलाच राहिली, माणसे तासभर उशिरा फोनवर आली आणि व्यापारी चिडला. शेठनी मुंबईच्या एका सल्लागारांना फोन लावला. मी सर्व्हर तपासत असतानाच त्यांनी फोनवरून निर्णय दिला की लंडनची वेळ बदलली आहे, तर सर्व्हरचीही बदला. मी विरोध केला. पण सल्लागार वयाने मोठे होते आणि शेठचा त्यांच्यावर विश्वास होता, त्यामुळे घड्याळ एक तास पुढे गेले.

वेळ जुळवणारी एनटीपी सेवा चालू होती, तिने ते दुरुस्त का केले नाही, असे मला नंतर अनेकांनी विचारले. त्या सेवेला एक हजार सेकंदांपेक्षा जास्त फरक दिसला की ती घड्याळ न सुधारता स्वतःच बंद पडते, आणि इथे फरक ३,६०० सेकंदांचा होता. दुसरे असे की एनटीपी फक्त यूटीसी, म्हणजे जगभर एकच असलेली प्रमाणवेळ, पोहोचवते. उन्हाळी वेळेचा, म्हणजे घड्याळ तासभर पुढे नेण्याचा, नियम तिच्यातून येतच नाही. तो प्रत्येक यंत्रावरच्या टीझेडडेटा या वेळक्षेत्रांच्या नियमांच्या संग्रहातून येतो. भारतात उन्हाळी वेळ नाही, म्हणून आशिया/कोलकाता या क्षेत्रावर लावलेल्या सर्व्हरला मार्चमध्ये काहीही करायचे नसते.

पुढे जे झाले त्याने मला आजही राग येतो. व्यापाऱ्याने एका मालाचा दर लंडनच्या दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्या साडेचारपर्यंत, खुला ठेवला होता. आमचा होकार चार वाजता वेबमेलमधून गेला, पण सर्व्हरचे घड्याळ पुढे असल्यामुळे पत्रावर १७:०० आणि पुढे +०५३० (यूटीसीच्या साडेपाच तास पुढे) असा शिक्का बसला, जो लंडनच्या हिशेबाने साडेबाराचा होता. मुदत संपल्यावर होकार आला, असे म्हणून त्यांच्या कारकुनाने तो नाकारला. मी त्याच पत्राच्या शीर्षभागातील, त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेली ‘रिसीव्हड’ची ओळ त्यांना दाखवली. तिच्यात ११:३० आणि +०१०० असे स्पष्ट होते. दर मिळाला, परंतु भरलेला ट्रक तोपर्यंत वखारीच्या दारात उभा होता आणि चालक मुंबईचे विमान चुकेल म्हणून अस्वस्थ झाला होता.

त्यानंतर घड्याळ पुन्हा मागे घेतले गेले, तेही मला न विचारता. टपालपेट्या उघडून देणाऱ्या डव्हकॉट या प्रणालीच्या जुन्या आवृत्त्या वेळ मागे गेल्याचे दिसताच लॉगमध्ये तशी नोंद करून स्वतःला बंद करून घेत, आणि आमची आवृत्ती जुनीच होती. ऐन हंगामात कोणालाही टपालपेटी उघडता येईना. आधी सेवा थांबवून, घड्याळ सुधारून, मग ती सुरू केली असती तर हे टळले असते.

मूळ दोष सर्व्हरमध्ये नव्हताच. विंडोजच्या वेळक्षेत्रांच्या यादीत यूटीसीशी शून्य फरक असलेल्या दोन ओळी जवळजवळ येतात: एकीत डब्लिन, एडिनबरो, लिस्बन आणि लंडन आहेत, दुसरीत मोनरोव्हिया आणि रेकयाविक. पहिलीला उन्हाळी वेळ लागू होते, दुसरीला होत नाही. हिवाळ्यात दोन्ही सारख्याच दिसतात. रोजच्या बैठकीची आमची नोंद दुसऱ्या ओळीवर केलेली होती, आणि ती त्याच सल्लागारांनी कार्यालयाची मांडणी करताना स्वतः केली होती. हे मी शेठना पडद्यावर दाखवले होते. सल्लागारांनी ते कधीच मान्य केले नाही, आणि तुमच्या प्रश्नातही तोच उपाय आलेला पाहून मला हे सविस्तर लिहावेसे वाटले.

म्हणून तुम्ही आधी ती चुकलेली नोंद उघडून तिचे वेळक्षेत्र पाहा. ‘जीएमटी’ (ग्रीनिचची वेळ) किंवा नुसते शून्य दिसले, तर ते बदलून युरोप/लंडन, विंडोजमध्ये लंडनचे नाव असलेली ओळ, करा. क्षेत्र बरोबर असूनही वेळ चुकत असेल, तर टीझेडडेटा अद्ययावत करा आणि त्यानंतर मेलच्या सर्व सेवा पुन्हा सुरू करा, कारण चालू असलेल्या प्रक्रिया जुनेच नियम स्मरणात धरून बसतात. पत्रे पाठवणारी पोस्टफिक्स ही प्रणाली बंदिस्त निर्देशिकेत चालत असेल तर तिथे वेळक्षेत्राच्या फाइलची वेगळी प्रत असते, तीही पाहावी. जावामध्ये लिहिलेले कॅलेंडर स्वतःचा वेगळा संग्रह बाळगते. तिथे सर्व्हरचा संग्रह सुधारून काही होत नाही. तुमच्याकडे कोणती प्रणाली आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे नेमक्या आज्ञा देत नाही.

बैठक साडेतीनवरून अडीचला सरकणे हा दोष नाही, हेही कार्यालयात सर्वांना आधी सांगून ठेवा. नाहीतर ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ती पुन्हा साडेतीनला जाईल तेव्हा तीच तक्रार येईल. तुमचे अमेरिकेतही ग्राहक असतील तर अधिक जपावे लागेल: तिथे २००७ पासून उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, म्हणून लंडनची घड्याळे बदलेपर्यंतच्या मधल्या काळात न्यूयॉर्क आणि लंडन यांच्यातील अंतर पाचऐवजी चार तासांचे असते, आणि तिघांची एकत्र बैठक असेल तर ती कोणत्या शहराच्या वेळेवर बांधली आहे हे निमंत्रणातच लिहून घ्यावे.