साठ अध्याय मागे

"ताई, मी साठ अध्याय मागे आहे." बाईंनी खुर्चीत टेकता टेकता सांगितलं. चेहरा कर्जाचे हप्ते थकलेल्या माणसाचा.

नगर जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात त्या स्टाफ नर्स. महिन्याला आठ-दहा रात्रपाळ्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचा नेम त्यांनी 1 जानेवारीला धरला. रोज तीन अध्याय, रविवारी पाच. हिशेब चोख आहे, आठवड्याला 23 म्हणजे वर्षात 1189 अध्याय आरामात होतात. पण याच हिशेबाने जानेवारी सरता सरता लेवीय हे तिसरं पुस्तक येतं, आणि अर्पणांच्या विधींत भल्याभल्यांची गाडी रुतते.

"वाचन चुकलं की वाटतं, प्रभू रागावलाय. आणि वाचलं तरी घरी सासूबाईंवर ओरडतेच. मग उपयोग काय?"

चर्चच्या मंडळीतली माणसं माझ्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात निघतोच. मी विचारलं, "काल काय वाचलंत?"

"लेवीय."

"त्यात काय होतं?"

बाई गप्प. मग स्वतःच हसल्या.

आधी झोपेची चौकशी केली. रात्रपाळीनंतर जेमतेम चार तास. एवढ्या झोपेवर कुणीही ओरडेल, त्यात अधार्मिकपणा शोधू नये. आणखी एक विचारलं: लक्ष उडालं म्हणून तेच पान पुन्हा पुन्हा वाचावं लागतं का, नाही वाचलं तर घरात काही वाईट घडेल अशी धास्ती वाटते का? उत्तर 'हो' असतं तर मी त्यांना आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. ती भक्ती नसून आजार असू शकतो, आणि चर्चच्या पाळकांनीही हे ओळखायला हवं. बाईंचं तसं नव्हतं.

माझा पहिला सल्ला मात्र फसला. बायबलमधल्या स्तोत्रांपैकी रोज एकच वाचा, म्हटलं. पंधरा दिवसांनी त्या वही घेऊन आल्या, त्यात पंधरा बरोबरच्या खुणा. "150 आहेत, पाच महिन्यांत संपतील!" मी कपाळाला हात लावला.

मग पहिलं स्तोत्रच उघडलं. तिथला धन्य माणूस रात्रंदिवस मनन करतो. मूळ हिब्रू शब्द 'हागा', म्हणजे ओठांतल्या ओठांत पुटपुटणं. बायबलमधल्याच यशयाच्या पुस्तकात हाच शब्द भक्ष्यावर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आहे आणि घुमणाऱ्या पारव्यासाठीही. या शब्दात किती पानं झाली याचा हिशेब कुठेच नाही. आपल्या म्हाताऱ्या बायका दळताना ओव्या घोळवायच्या, तसं काहीसं.

वही बंद केली. 134 वं स्तोत्र दिलं, तीनच वचनांचं. रात्रीच्या वेळी परमेश्वराच्या घरात उभे राहणाऱ्या सेवकांना ते हाक मारतं. बाईंनी वाचलं आणि पदराने डोळे टिपले. "हे तर आमच्या नाइट ड्यूटीचं आहे." आठवडाभर तेवढंच. नंतर बायबलमधल्याच याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायातला ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद असण्याचा भाग. चिठ्ठीवर लिहून युनिफॉर्मच्या खिशात.

महिन्याभराने त्यांनी सांगितलेला प्रसंग साधाच आहे. पहाटे एका पेशंटचा मुलगा सलाइन संपल्यावरून अंगावर ओरडत आला. उत्तर जिभेवर तयार होतं. हात खिशाकडे गेला. "चिठ्ठी काढलीसुद्धा नाही ताई, पण तेवढ्यात तो रडायलाच लागला. बापासाठी घाबरला होता हो." मला विचाराल तर वाचनाने जे घडतं ते असंच, दोन-चार सेकंदांचं. त्यावर चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहावं इतकं मोठं नसतं, म्हणून आपण ते मोजत नाही.

घरी वेळ लागला. सासूबाईंना मोतीबिंदू, वाचता येईना, म्हणून चिडचिड. मी सुचवलं, रात्री मोठ्याने वाचा, त्यांच्यासाठी. बाईंनी नाक मुरडलं, तरी केलं. 121 वं स्तोत्र वाचताना पेंगेत एक ओळ सुटली, तर अंधारातून सासूबाईंनी ती म्हणून दाखवली. लहानपणी बोर्डिंगात पाठ केलेली. पंधरा वर्षं एका घरात राहून सुनेला हे ठाऊक नव्हतं.

परवा बाईंचा फोन आला. सासूबाईंचं ऑपरेशन झालं, आता दिसतं. पण रात्री पुस्तक सुनेच्याच हातात देतात आणि चुकलं की टोकतात. भाजीतल्या मिठावरून वाद चालूच आहेत. लेवीय अजून तिथेच आहे. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या, आणि ड्यूटीची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.