विंडोज अपडेटनंतर उबुंटू सुरूच होत नाही. पुन्हा इन्स्टॉल करावं लागेल का?

नाही, आणि कृपया करूही नका. तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ चं मोठं अपडेट झाल्यापासून ग्रबचा मेनू (सुरुवातीला उबुंटू की विंडोज हे विचारणारा) येत नाही, लॅपटॉप थेट विंडोजमध्ये जातो, पण डिस्क मॅनेजमेंटमध्ये उबुंटूचं पार्टिशन दिसतंय. म्हणजे बहुधा उबुंटू जागेवर आहे, फक्त बूटच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कोणती सिस्टिम चालवायची याच्या यादीत त्याचा नंबर मागे गेलाय.

विंडोज ११ म्हटलं की यूईएफआय (मशीन सुरू होताना सगळ्यात आधी चालणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर) आलंच. त्यात दोन्ही सिस्टिमच्या बूट फाइल्स बहुतेक वेळा एकाच छोट्या फॅट३२ पार्टिशनमध्ये वेगवेगळ्या फोल्डरांत असतात. आधी कोणती चालवायची याची नोंद मदरबोर्डवरच्या मेमरीत असते, आणि मोठं अपडेट कधी कधी विंडोजची नोंद वर नेऊन ठेवतं. नेटवर सापडणारे 'फिक्सएमबीआर' छापाचे उपाय यूईएफआयच्या आधीच्या जुन्या बायोसच्या काळातले आहेत, त्यांच्या नादी लागू नका.

सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन) ४८ अंकी रिकव्हरी की शोधून कागदावर उतरवून ठेवा. ती बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. 'मी बिटलॉकर लावलंच नव्हतं' यावर विसंबू नका, कारण होम आवृत्तीतही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने ते आपोआप चालू झालेलं असू शकतं. बूटची सेटिंग बदलल्यावर विंडोजने की मागितली आणि ती नसली, तर तिथला सगळा डेटा गेलाच म्हणून समजा. लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

आता मशीन सुरू होताना एफ२ (काही कंपन्यांत एफ१० किंवा डिलीट) दाबत राहा, बूट ऑर्डरमध्ये जा, 'उबुंटू' ही नोंद 'विंडोज बूट मॅनेजर'च्या वर आणा आणि सेव्ह करा. माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक लॅपटॉपचं काम इथेच संपलंय.

त्यानंतर काळ्या स्क्रीनवर 'शिम', 'एसबॅट' असे शब्द असलेली एरर आली, तर प्रकरण वेगळं. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटने उबुंटूसारख्या लिनक्स सिस्टिमच्या जुन्या बूटलोडरना (सिस्टिम सुरू करून देणारे प्रोग्राम) अशीच अडवणूक केली होती. अशी एरर आली तर सिक्युअर बूट (फक्त विश्वासार्ह बूटलोडर चालू देणारी यूईएफआयची सोय) तात्पुरतं बंद करा, उबुंटूत शिरून सगळी अपडेट्स घ्या, एकदा रीस्टार्ट करा आणि मग सिक्युअर बूट परत चालू करा. ते कायमचं बंद ठेवायचा सल्लाही मिळेल, पण मला तो आळशीपणा वाटतो.

यादीत उबुंटूची नोंदच नसेल तर उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता थेट उबुंटू चालवणारा) लागेल. तो यूईएफआय मोडमध्येच बूट करा, 'ट्राय उबुंटू' निवडा आणि 'बूट-रिपेअर' हे बूट दुरुस्त करणारं टूल टाकून त्याची शिफारस केलेली दुरुस्ती चालवा. ते फॅट३२ पार्टिशन मात्र कुणी कितीही सांगितलं तरी फॉरमॅट करू नका, नाहीतर विंडोजही सुरू होणार नाही.

ग्रब परत आला पण त्यात विंडोज दिसत नाही, असंही होतं. ग्रब २.०६ पासून इतर सिस्टिम शोधणारा 'ओएस-प्रोबर' मुळातच बंद ठेवलेला असतो. ग्रबच्या डीफॉल्ट सेटिंगच्या फाइलमध्ये 'डिसेबल ओएस प्रोबर'ची किंमत 'फॉल्स' करा आणि टर्मिनलमध्ये 'अपडेट-ग्रब' चालवा. एवढं करूनही अडलं तर बूट ऑर्डरच्या स्क्रीनचा फोटो टाका, बघतो.