नॅनोतंतूंसाठी पॉलिमर निवडण्यापूर्वी

शरीरात औषध हळूहळू सोडणाऱ्या नॅनोतंतूंसाठी, म्हणजे अतिसूक्ष्म धाग्यांसाठी, साहित्य निवडताना तुम्ही पॉलिमरच्या यादीपासून सुरुवात केली आहे. माझ्या मते ती औषधापासून करावी. औषध पाण्यात विरघळते की सेंद्रिय द्रावकात, आणि ते किती दिवस पाझरत राहायला हवे, हे ठरले की निवड बरीच सोपी होते. पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे शरीरात पूर्ण विघटन व्हायला साधारण २ ते ३ वर्षे लागतात, तर लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांच्या ५०:५० सहपॉलिमरला एक-दोन महिने पुरतात. त्यामुळे आठवडाभराच्या उपचारासाठी पहिला घेतल्यास औषध संपल्यावरही रिकामे तंतू मागे उरतात.

नवख्यांची खरी अडचण मात्र पहिल्या काही तासांतच औषधाचा मोठा हिस्सा एकदम सुटण्याची असते. पाण्यात विरघळणारे औषध जलविरोधी पॉलिमरमध्ये मिसळले, की विद्युत्-कताईत (उच्च विद्युतदाबाने द्रावणातून तंतू ओढण्याच्या पद्धतीत) द्रावक उडून जाताना ते तंतूच्या पृष्ठभागाकडे सरकते आणि पाण्याचा स्पर्श होताच निघून जाते. अशा वेळी औषध गाभ्यात आणि पॉलिमर आवरणात ठेवणारी समाक्ष कताई करून पाहावी, जरी दोन्ही द्रावणांचे प्रवाह जुळवताना (मीही बराच वैतागलो होतो) संयम लागतो.

शिवाय, पॉलिमर जैवसुसंगत (शरीराला अपाय न करणारा) आहे म्हणून त्याचे तंतूही तसेच असतील, असे गृहीत धरू नका. द्रावक म्हणून क्लोरोफॉर्म वापरल्यास त्याचा तंतूंत उरलेला अंश औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ६० भागांच्या) आत असावा लागतो. पेशींवरील चाचणीपूर्वी तंतू निर्वातात नीट वाळवा. मात्र पॉलिकॅप्रोलॅक्टोन ६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, तेव्हा उष्णता बेताची ठेवा.